आधी काय दळलं?

"आधी काय दळलं बे?"

पिठाच्या पन्हाळीखाली तळहात धरायचा, पडलेलं पीठ चिमटीत चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि मग हा प्रश्न. डबा अजून कमरेवरून खालीही उतरलेला नसायचा.

तुम्ही कधी गिरणीत दळण घेऊन उभे राहिला असाल तर हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. दगडांच्या खाचांमध्ये आधीच्या दळणाचं ओंजळभर पीठ अडकून बसतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. हरभऱ्यावर गहू टाकला की कणकेचा रंग बदलतो, ज्वारीवर टाकला की पोळी चिरते. म्हणून बाया विचारतात. आणि आम्ही गिरणीवाले काय सांगतो? जे त्या बाईच्या डब्यात असेल तेच! डब्यात गहू दिसला की "गहूच होता बाई", ज्वारी दिसली की "सकाळपासून ज्वारीच तर चालू आहे." मलकापुरात आमची गिरणी वडिलांच्या वेळेपासून आहे. गिरणीबरोबर हे उत्तरही मला वारशातच मिळालं. याला खोटं बोलणं म्हणतात हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

हा प्रश्न विचारणारी ही बाई मात्र पीठ हुंगून सांगायची, "हरभरा होता. काऊन खोटं बोलतो? देव पाहून राह्यला." मग पोत्यावर बसकण मारायची आणि पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला लावायची. मागं रांगेतल्या बाया कुरकुरायच्या. तिला काय त्याचं! उलट त्यांच्याच लेकरांच्या चौकशा सुरू. कुणाचा दात आला, कुणाचा खोकला गेला नाही, कुणाचं लेकरू माती खातं.

सरकारी दवाखान्यात तिनं जन्म घालवला होता. नर्स होती. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरबाईच म्हणायची. चर्चच्या मागं, आमच्यापासून दोन घरं सोडून तिचं घर. मालक कधीच वारलेले, एकुलता मुलगा जालन्याला नोकरीला. रस्त्यात कुणीही भेटो, "सलाम" म्हणायची. आमच्या गल्लीतले रामराम म्हणणारेही तिला "सलाम सिस्टरबाई" म्हणायला शिकले होते. माझ्या दोन्ही पोरांना पहिलं इंजेक्शन तिनंच दिलं. पोरगं वाळलेलं दिसलं की तिचं औषध ठरलेलं होतं.

"लापशी घाल वो. गव्हाची लापशी, वरून तूप. पोरगं घोडा होते की नाही पाह्य."

आणि व्हायची की पोरं घोडा! त्यामुळे तिच्या शब्दापुढं कोण बोलणार?

वर्षातून एकदा ती गव्हाचं खास दळण आणायची. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. आमच्याकडं खापरावरचे मांडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होतात, ती ईस्टरला करायची. चर्चमध्ये उगवतीची प्रार्थना झाली की अंगणातल्या चुलीवर मातीचं खापर पालथं पडायचं. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती तळहातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पातळ ताणायची आणि अल्लाद खापरावर सोडायची. आम्ही पोरंसोरं, म्हातारे, सगळे आ वासून बघायचो. मी एकदा विचारलं होतं, "सिस्टरबाई, तुमच्यात मांडे कसे?" तर म्हणाली, "माह्या आजेसासूनं धर्म बदलला बे, तोंडाची चव नाही बदलली."

त्या मांड्यांवर तिची नात वाढत होती, असं आम्हाला वाटायचं. खरं म्हणजे ती वाढतच नव्हती.

रूथ तिचं नाव. ईस्टरला आणि उन्हाळ्यात आईबापांबरोबर यायची. हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढं, डोळे मोठे आणि दमलेले. बरोबरीच्या पोरी उंचीनं तिच्या डोक्यावरून गेल्या. सिस्टरबाईला ते पाहवायचं नाही. आणि माणसाला पाहवलं नाही की माणूस काय करतो? दोष कुणाला तरी देतो. सून शाळेत शिक्षिका, कमी बोलणारी. तिच्यावर सगळं.

एकदा त्या तिघी दळणाला आल्या होत्या. गिरणी बायांनी भरलेली. सिस्टरबाईनं रूथचं मनगट धरून मला दाखवलं.

"पाह्य. हे काय मनगट आहे? आईले शाळेतले साठ लेकरं दिसतात, घरातलं एक दिसत नाही."

बाया हसल्या. सुनेचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आई, गव्हाचं खाल्लं की तिचं पोट दुखतं. मी पाहते आहे ना कधीची."

"गव्हानं पोट दुखते?" सिस्टरबाई ताडकन म्हणाली. "आता जग बुडालं! मी उभा जन्म लेकरं पाहिले, मले शिकवून राह्यली? खाण्याचे नखरे आहेत हे. तू चालवून घेते म्हणून ते करते."

"आजी, खरंच दुखते," रूथ म्हणाली.

"दुखते म्हणून सोडायचं नसते, माय. खाल्लं तरच ताकद येईन." आणि त्या ईस्टरला तिनं स्वतःच्या हातानं, मांडीवर घेऊन, तूप लावून, कुरवाळून तिला मांडे भरवले. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही सगळे तिथंच जेवत होतो. आजीची माया बघून आम्हालाही भरून आलं होतं.

पुढं पोरगी फारच खालावली, तेव्हा संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, आतडं तपासलं. निदान निघालं की गव्हातलं ग्लुटेन म्हणून जे काही असतं ते तिच्या आतड्याला चालत नाही. गहू, मैदा, रवा सगळं जन्मभर बंद. कणभरही नाही. सुनेनं फोन केला. ती ना रागावली, ना रडली. एवढंच म्हणाली, "आई, ती खरं सांगत होती."

त्यानंतर दोन ईस्टर मुलगा-सून आले नाहीत. सुट्टी नाही, परीक्षा आहे, असं काहीतरी कारण. सिस्टरबाईनं एकदाही "काऊन येत नाही?" असं विचारलं नाही. तिला उत्तर माहीत होतं.

गिरणीत यायची ती आता ज्वारी घेऊन. स्वतःच्या घरातून गहू तिनं हद्दपार केला. कुणाच्या लग्नात पोळी वाढली की ताटावर हात आडवा. फक्त चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा घ्यायची. तेवढा देवाचा म्हणून. मांड्याचं खापर अंगणात उताणं पडलं होतं, त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टरबाई, तुम्ही काय जाणूनबुजून केलं का? डॉक्टरलोकांनाही लवकर समजत नाही."

"डॉक्टरले कोणी सांगत नव्हतं," ती म्हणाली. "मले ते लेकरू सांगून राह्यलं होतं. माह्या मांडीवर बसून."

मी आपला गिरणीचा पट्टा नीट करत बसलो.

तिसऱ्या वर्षी मुलाचा फोन आला की ईस्टरला येतो. पण एक अट होती, आणि ती सुनेची होती. रूथचं जेवण सून घरूनच डब्यात आणेल. पोरगी आजीकडं काही खाणार नाही.

सिस्टरबाई हे सांगायला आली तेव्हा तिच्या तोंडावर आनंद होता की काय होतं, मला आजही सांगता यायचं नाही. "बरोबरच आहे तिचं," पहिल्यांदा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण मी केलं तर? कणभर गहू नाही, असं सगळं मी केलं तर? एक घास खाऊ देईन का सून?"

झालं! त्या दिवसापासून माझ्या गिरणीतलं पोतं म्हणजे तिची कचेरी झाली. ईस्टरच्या जेवणात काय करायचं यावर रोज खल. केक बाद. शेवया बाद. कुरडया बाद. मटणाचा रस्सा चालेल, पण मसाला घरी वाटायचा. एक दिवस धापा टाकत आली.

"हिंगात गव्हाचं पीठ असते, तुले ठाऊक होतं?"

"हिंगात?"

"डबीवर लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात. आता पाह्य! वरणातही होता तो." असं म्हणून ती मटकन बसली. इतक्या वर्षांत किती वरणं वाढली असतील, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता.

नवा तवा आणला. नवी परात, नवं लाटणं, नवी चाळणी. कुंभाराकडून नवं खापर, कारण जुन्याच्या अंगात गहू मुरलेला. मांडे तर करायचेच, पण तांदळाचे. तांदळाचं पीठ हातावर ताणलं जात नाही, तुटतं. मग पीठ ज्वारीत मिसळून, पातळ कालवून, धिरड्यासारखं खापरावर पसरायचं आणि आत पुरण घालून घडी करायची, असं तिनं शोधून काढलं. पहिले कितीतरी चिकटले, फाटले. ते सगळे आम्ही गिरणीत बसून खाल्ले. चांगले लागत होते हो!

आता राहिलं दळण. गिरणीच्या दगडाला तर जन्माचा गहू लागलेला. मी म्हटलं, "सिस्टरबाई, तुम्ही काळजी सोडा." सुट्टीच्या दिवशी गिरणी बंद ठेवली. दगड उघडले, छिन्नीनं टाकी मारली, ब्रशनं घासले, धुतले, उन्हात वाळवले. घरचे तांदूळ दोनदा दळून टाकून दिले. मग तिचे तांदूळ आणि ज्वारी दळली, तिच्या नव्याकोऱ्या डब्यात भरली. झाकण लावलं, डबा घरात उंच फळीवर ठेवला आणि मायला बजावलं, "सिस्टरबाईच्या नातीसाठी आहे. हात लावू नको."

माझी माय ऐंशीच्या घरातली. तिला एवढंच समजलं की सिस्टरबाईची नात दोन वर्षांनी घरी येणार आहे.

सिस्टरबाईनं डबा न्यायला येऊन झाकण उघडलं, आणि ती तशीच उभी राहिली. मी वाकून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पिठावर पसाभर गहू. त्यावर हळकुंड, सुपारी. डब्याला बाहेरून हळदीकुंकवाची बोटं.

"माय!" मी ओरडलोच. "तुले हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"म्या कुठी हात लावला?" माय आतून म्हणाली. "वरूनच टाकले. लेकीबाळीच्या नावाचं भांडं शकुनाशिवाय उंबऱ्याबाहेर पाठवता काय बे? ओटी आहे ते पोरीची. चांगले निवडून घेतले गहू."

मला तर जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझा सगळा दिवस पाण्यात, त्याचं सोडा. ईस्टर तोंडावर आलेला. मी मायवर तोंड सोडलं, त्या गव्हानं पोरीचं काय होतं ते ओरडून सांगितलं. मायचा चेहरा पांढरा पडला.

सिस्टरबाईनं माझा हात धरला. "तिले काऊन बोलतो? मायेनंच टाकले ना तिनं? मीही मायेनंच घातले होते." मग मायजवळ जाऊन बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचे तर पिठात पडले, आजी. माह्ये पोटात गेले." आणि तेव्हा ती रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडत होत्या आणि मी मूर्खासारखा डबा हातात घेऊन उभा.

ते पीठ कोंबड्यांना गेलं.

मायनंच मग मार्ग काढला. आमच्याकडं तुरीची डाळ भरडायचं जुनं जातं होतं. त्याला उभ्या जन्मात तुरीशिवाय काही माहीत नव्हतं. पण गिरणीच्या घरात पीठ उडतंच, म्हणून ते घासूनपुसून सिस्टरबाईच्या ओट्यावर नेलं. आणि ईस्टरपर्यंत रोज सकाळी माय न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून तिकडं जायची. समोरासमोर बसून दोघी दळायच्या. माय ओव्या म्हणायची. त्या संपल्या की सिस्टरबाई चर्चमधली गाणी म्हणायची. मायला ती इतकी आवडली की घरी आल्यावरही गुणगुणायची. शेवटी सिस्टरबाईच्या तळहाताला फोड आले, तर वर फडकं गुंडाळून खुंटा धरला.

ईस्टरच्या दिवशी आम्ही सगळे तिच्या अंगणात होतो. रूथ आली. अहाहा! पोरीनं उंची घेतली होती, गालावर मांस आलं होतं. ते बघून सिस्टरबाईला आनंद व्हायला पाहिजे होता, पण तिनं नजर खाली घातली. गहू सुटल्यावर पोरगी कशी झाली, हे उघड्या डोळ्यांनी दिसतच होतं ना.

पानं मांडली. सुनेनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून रूथच्या पानाशी ठेवला. खापरावरचा मांडा, पुरण, भाकर, रस्सा, सगळं बाजूला झाकून ठेवलेलं. आणि जिनं महिनाभर आमचं डोकं खाल्लं, ती सिस्टरबाई काय म्हणाली असेल?

"डब्यातलंच दे तिले. तेच बरं."

माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. सून मात्र उठली, स्वयंपाकघरात गेली. आम्हाला तिचा आवाज ऐकू येत होता. तवा कोणता? मीठ कुठलं? हिंग? सिस्टरबाई दारात उभी राहून एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांपुढं उभी राहायची तशी.

"दळण?"

"जात्यावरचं." मग जरा थांबून, "पहिला डबा बिघडला होता. गहू पडले होते त्यात. कोंबड्यांले घातलं ते पीठ."

"हे सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, आई."

"तू सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही, बाई. चारचौघीत तुलेच बोलली. आता मी लपवलं तर मले तोंड राहीन का? माफ कर म्हणायले मले तोंड नाही. पण म्हणते."

सुनेनं सासूचा हात उलटा केला, तळहातावरचे फोड पाहिले. मग बाहेर आली, रूथच्या पानाजवळचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आई, वाढा. तुमच्या हातानं वाढा."

सिस्टरबाईनं मांडा वाढला. वाढताना थोडं पुरण पानाबाहेर सांडलं. रूथनं एक घास घेतला, आजीकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजी, दुसरा कधी?"

आम्ही पोट धरून हसलो. सिस्टरबाई हसली नाही. ती जेवलीही नाही. संध्याकाळपर्यंत ती त्या पोरीचं पोट बघत बसली होती. पोरगी जरा वाकली की ही अर्धी उठायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत आली. हातात डबा नाही, पिशवी नाही. पन्हाळीखाली हात धरला, पीठ चोळलं, पण काही विचारलं नाही. "काही नाही झालं बे," म्हणाली, "रात्रभर झोपलं लेकरू." आणि गेली.

मला वाटलं, आता तरी ही स्वतःला माफ करेल. नाही केलं. सून दर आठवड्याला फोन करायची, रूथ सुट्टीत राहायला आली, सगळं मार्गी लागलं. तरी गव्हाला ती शिवली नाही. त्याच हिवाळ्यात आजारी पडली. दवाखान्यात कुणीतरी लापशीची वाटी पुढं केली, तर तिनं तोंड फिरवलं. सून जवळच होती. "आई, आता पुरे," ती म्हणाली. सिस्टरबाईनं तिचा हात घट्ट धरला, पण तोंड उघडलं नाही. त्यातच गेली.

यंदा ईस्टरच्या आधी मुलगा-सून आले, बंद घर उघडलं, झाडलं, पुसलं. मी गिरणीत होतो. बायांची रांग होती. दारात रूथ येऊन उभी राहिली. आत नाही आली, पीठ उडतं म्हणून पायरीवरच थांबली, नाकातोंडावर ओढणी धरून. आजीसारखाच कमरेवर डबा, त्यात तांदूळ. मायला जात्यावर बोलवायला आली होती, पण मला बघून तिला गंमत सुचली.

"काका," आजीचाच सूर काढून ती म्हणाली, "आधी काय दळलं बे?"

सगळ्या बाया हसायला लागल्या. मीही हसलो. आणि तुम्हाला खरं सांगतो, तिच्या डब्यातले तांदूळ बघून माझ्या ओठावर काय आलं होतं माहीत आहे? 'तांदूळच होते, बाई.' इतक्या वर्षांची सवय ती. जीभ उचललीही होती.

"गहू," मी म्हणालो. "सकाळपासून गहूच आहे, पोरी. मागं हो, अजून एक पायरी मागं हो."

ती मागं झाली. माय काठी टेकत घरातून निघाली, धुतलेलं लुगडं नेसून. मी गिरणीचं बटण बंद केलं. बाया ओरडल्या, काऊन बंद केली म्हणून. मी म्हटलं, थांबा जरा, आधी तिकडचं जातं फिरू द्या. दोन घरांपलीकडं ओट्यावर माय बसली आणि तिच्या समोर, सिस्टरबाई बसायची त्या बाजूला, रूथ बसली.